श्रीलंका पहिल्यांदा, सात दिवसांत, ट्रेनने: आधी काय, मग काय, आणि लोक कुठे गंडतात

मला येणारा मेसेज साधारण असा असतो: "अगं, फ्लाइट झाली, हॉटेलं झाली, आता फक्त त्या चहाच्या मळ्यांतल्या निळ्या ट्रेनचं तिकीट कसं काढायचं तेवढं सांग, परवा निघतोय." परवा! म्हणजे ज्या गोष्टीसाठी श्रीलंका निवडली ती सगळ्यात शेवटी, आणि ज्या गोष्टी कधीही मिळतात त्या सगळ्यात आधी, पैसे भरून, नॉन रिफंडेबल. मग कँडीहून गाडीत सहा-सात तास उभं राहायची तयारी किंवा एजंटला दुप्पट पैसे. मी स्वतः पहिल्या वेळी हेच केलंय, त्यामुळे हसत नाहीये कोणाला.

तर हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे. काय बघावं, कुठे फोटो छान येतात ते इथे नाही. रूट एकच धरलाय: कोलंबो, कँडी, एला, मग रस्त्याने गॉल, आणि गॉलहून ट्रेनने परत कोलंबो. सहा रात्री, सात दिवस. मुंबईहून थेट विमान अडीच तासांच्या आसपास, घड्याळ बदलायचं नाही कारण त्यांची आणि आपली वेळ एकच.

(एक शंका नेहमी येते म्हणून सांगते, भारतातून ट्रेनने श्रीलंकेत जाता येत नाही. रामेश्वरमहून बोट वगैरे काही नाही. तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून श्रीलंकेच्या उत्तर टोकाला कांकेसंतुरैला फेरी जाते, पण सात दिवसांच्या पहिल्या ट्रिपमध्ये त्या भानगडीत पडू नका.)

१. तारखा: भिंतीवरचं कॅलेंडर काढा

आपल्याला सुट्ट्या मिळतात दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि नेमके हेच दोन काळ या रूटसाठी वाईट. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे तिकडे दोन मान्सूनच्या मधला काळ, दुपारनंतर धो धो पाऊस, वादळं पण याच सुमारास. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून, म्हणजे कोलंबो, गॉल आणि डोंगराचा पश्चिम उतार ओला. डिसेंबरात पश्चिमेला बरं असतं पण एला-बदुल्लाच्या बाजूला पाऊस रेंगाळतो आणि नाताळामुळे भाव चढलेले. फेब्रुवारी आणि मार्च हे या रूटचे खरे महिने. शाळा बुडते, हो, माहितीये. आठवडा बुडवा नाहीतर निदान २६ जानेवारीला जोडून काहीतरी जमवा.

आता पौर्णिमा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला पोया म्हणतात आणि ती सार्वजनिक सुट्टी असते. दारू कुठेच विकत नाहीत, बरीच दुकानं बंद, आणि मुख्य म्हणजे सगळा देश ट्रेनमध्ये बसून गावाला किंवा देवळात निघालेला असतो. आपल्याला यासाठी वेगळं ॲप नको, कालनिर्णय उघडा आणि पौर्णिमा शोधा. क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो, म्हणून त्यांची सुट्ट्यांची यादीही एकदा बघून घ्या.

त्यातही डिसेंबर ते मे श्रीपादाचा, म्हणजे ॲडम्स पीक या यात्रेच्या डोंगराचा सीझन असतो आणि त्याचं स्टेशन हॅटन आपल्याच लाइनवर, कँडी आणि एलाच्या मध्ये. त्यामुळे सीझनमधला शनिवार-रविवार अधिक पौर्णिमा असं जुळून आलं तर त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. डोंगराची ट्रेन मंगळवार-बुधवारी ठेवा.

एप्रिलचा मध्य पूर्ण टाळा. १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं, त्याच्या मागेपुढे निम्मं कोलंबो गावाला गेलेलं असतं. आपल्याकडे गणपतीत कोकणात जाणारी गाडी आठवा, तसंच.

तपासा: तुमच्या सात दिवसांत पौर्णिमा कुठल्या वाराला येते? ती कँडीत किंवा एलात मुक्कामी असताना आली तर चालेल. ट्रेनच्या दिवशी नको.

२. नकाशा: हा गोल नाही

नकाशावर कोलंबो, कँडी, एला, गॉल असा छान गोल दिसतो आणि लोक समजतात की ट्रेन गोल फिरते. नाही फिरत. डोंगराची लाइन कोलंबोहून निघून कँडीजवळून वर चढते, नानू ओया, हपुतले, एला करत बदुल्लाला जाऊन संपते. समुद्राची लाइन वेगळी, कोलंबोहून दक्षिणेला गॉल, मातारा आणि पुढे बेलिअत्तापर्यंत. या दोन टोकांना जोडणारा रूळच नाही. एलाहून गॉलला जायचं तर गाडी करा किंवा बस, वेल्लवायावरून खाली, चार-पाच तास धरा. "ट्रेननेच जायचंय" म्हणून एलाहून परत कोलंबो आणि तिथून गॉल केलंत तर एक अख्खा दिवस खिडकीत जातो.

दुसरा घोळ कँडीचा. कँडी मेन लाइनवर नाहीये. पेरादेणिया जंक्शनहून आत एक फाटा जातो तिथे कँडी आहे. म्हणून बदुल्लाला जाणाऱ्या काही गाड्या कँडीत येतात आणि काही येतच नाहीत, पेरादेणियाहूनच पुढे सटकतात. तिकीट काढताना चढायचं स्टेशन नीट वाचा. पेरादेणिया कँडीहून लांब नाही, रिक्षाने जाता येतं, पण ते आदल्या दिवशी माहीत असलेलं बरं. आणि जी गाडी कँडीत येते ती उलटी होऊन निघते, त्यामुळे कोलंबोहून थेट एलाला बसलेल्यांची "उजवी बाजू" मध्येच डावी होते. यावरून आमच्या डब्यात एका नवरा-बायकोचं चांगलं वाजलं होतं.

माझा आराखडा असा: रात्र १ कोलंबो, रात्र २ आणि ३ कँडी, रात्र ४ आणि ५ एला, रात्र ६ गॉल, सातव्या दिवशी गॉल-कोलंबो ट्रेन आणि रात्रीचं विमान. नुवारा एलिया, म्हणजे नानू ओया स्टेशनजवळचं थंड हवेचं गाव, यात नाहीये, मुद्दाम. पहिल्या छोट्या ट्रिपला ते घुसवलं की ट्रेनचे दोन तुकडे होतात आणि दोन तिकिटं मिळवावी लागतात.

३. लाइन चालू आहे का ते आधी बघा

ही पायरी पूर्वी मी सांगायचे नाही, आता पहिल्या तीनात घेतलीये. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दित्वा चक्रीवादळ आलं आणि डोंगरातल्या लाइनचं जबरदस्त नुकसान झालं, दरडी रुळांवर, कुठे रुळाखालची मातीच वाहून गेलेली. अशी दुरुस्ती तुकड्या-तुकड्याने होते. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीचा कुठलातरी व्हिडिओ बघून "कँडीहून सकाळी गाडी असते" असं धरून चालू नका. पावसाळ्यात तर तशीही एखाद्या दरडीने लाइन दोन-चार दिवस बंद पडते.

कसं तपासायचं? श्रीलंका रेल्वेच्या अधिकृत सीट रिझर्वेशन साइटवर जाऊन पुढच्या आठवड्याची कुठलीही तारीख टाकून कँडी ते एला शोधा. गाडी दिसते का ते बघायचंय, सीट आहे का ते नाही. मग हपुतले ते एला, नानू ओया ते एला असे छोटे तुकडे टाकून बघा. मग एलातल्या एखाद्या गेस्ट हाउसला सरळ मेसेज करा, "आज गाडी कुठून कुठपर्यंत येतेय?" त्यांचा धंदाच त्यावर असतो, पाच मिनिटांत उत्तर येतं, आणि ते साइटपेक्षा खरं असतं.

पूर्ण लाइन चालू नसेल तर ट्रिप रद्द करायची गरज नाही. जेवढा तुकडा चालू असेल तिथपर्यंत रस्त्याने जा आणि तेवढाच ट्रेनने करा. पट्टीपोला, ओहिया, इदलगशिन्ना, हपुतले हा भाग माझ्या मते सगळ्यात भारी आहे, तेवढाच मिळाला तरी पैसे वसूल.

४. बुकिंगचा क्रम

इथे सगळे चुकतात, म्हणून सावकाश वाचा. ट्रेनचं बुकिंग ३० दिवस आधी उघडतं, आणि विमान तर त्याच्या आधीच काढावं लागतं. मग "ट्रेन आधी" कसं करायचं? असं:

पहिलं, विमान. तारखा वरच्या पायरीप्रमाणे ठरल्या की काढून टाका.

दुसरं, हॉटेलं, पण फक्त फ्री कॅन्सलेशनवाली. कँडी आणि एला या दोन मुक्कामांत एक रात्र इकडची तिकडे होऊ शकेल अशी ठेवा. म्हणजे मंगळवारचं तिकीट मिळालं तर कँडी एक रात्र, एला तीन. बुधवारचं मिळालं तर दोन-दोन. हा एक हलता दिवस म्हणजे सगळ्या प्लॅनचा जीव आहे. तो ठेवलात तर बाकी काही चुकलं तरी निभावतं.

तिसरं, ट्रेन, बुकिंग उघडल्या क्षणी.

चौथं, ट्रेन मिळाली की मगच हॉटेलच्या रात्री पक्क्या करा आणि एला-गॉल गाडीवाला ठरवा.

पाचवं, व्हिसा. श्रीलंकेचं ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, आधीच काढायचं, सरकारी साइटवरून. गूगलवर पहिल्या दोन-तीन लिंका बऱ्याचदा दलालांच्या असतात, दिसायला अगदी सरकारी, आणि फी वाढवून घेतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट एलके आहे का बघा. गेल्या काही वर्षांत फी आणि नियम सारखे बदललेत, त्यामुळे गेल्या वर्षी जाऊन आलेल्या भावजींना विचारू नका, त्या दिवशी साइटवर जे लिहिलंय तेच खरं. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने चालणारा हवा.

थांबा: घरात कोणाचा पासपोर्ट रिन्यूअलला आलाय का? आधी तो करा, कारण ट्रेनच्या तिकिटावर पासपोर्ट नंबर जातो, आणि तिकीट काढल्यावर नंबर बदलला की तपासनीसासमोर दोन्ही पासपोर्ट घेऊन कथा सांगत बसावं लागेल.

५. तिकिटाचा दिवस

सीझनमध्ये एलाची तिकिटं किती वेगात जातात याचा अंदाज नसतो लोकांना. २०२५ च्या सुरुवातीला तिकडे यावर मोठा गदारोळ झाला होता, मिनिटाच्या आत सगळी सीटं गायब आणि मग तीच चढ्या भावात बाहेर, त्यात अटकाही झाल्या. आपल्या तात्काळची सवय असलेल्यांना हे नवं नाही, फक्त तात्काळला आपण निदान तयारीत बसतो.

तर तयारी: आदल्या दिवशी साइट उघडून बघा की बुकिंग किती वाजता सुरू होतं. ३० दिवस मोजताना बोटावर मोजू नका, आदल्या दिवशी साइटवर सगळ्यात पुढची कुठली तारीख दिसतेय ते बघा, म्हणजे उद्या कुठली उघडेल ते कळेल. स्टेशनांची इंग्रजी स्पेलिंगं, गाडी, सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे, नंबर, सगळं एका नोटमध्ये टाईप करून ठेवा. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू केलेत का? हे बँकेच्या ॲपमध्ये बंदच असतं बहुतेकांचं आणि ओटीपीपर्यंत पोचून पेमेंट फसतं. दोन वेगळ्या बँकांची कार्डं ठेवा.

क्लास कुठला? लोक पटकन फर्स्ट क्लास एसी घेतात, जास्त पैसे म्हणजे जास्त चांगलं. तिथे खिडक्या उघडत नाहीत! काचेतून बाहेरचा डोंगर आणि आतला तुमचाच चेहरा असा फोटो येतो. सेकंड क्लास रिझर्व्ह्ड घ्या, पंखा, उघडी खिडकी, ठरलेली सीट. ते नसेल तर थर्ड रिझर्व्ह्ड, काही वाईट नाही, बाक जरा कडक. आई-बाबा सोबत असतील आणि धूळ-वारा सोसत नसेल तरच एसी.

सकाळचीच गाडी घ्या. कँडी ते एला सहा-सात तास लागतात, उशीर धरा वेगळा. सहा-साडेसहाला अंधार पडतो, दुपारी निघालात तर सगळ्यात सुंदर भाग काळोखात जातो.

कोलंबो-कँडी आणि गॉल-कोलंबो या दोन तिकिटांसाठी एवढा जीव काढू नका. लाइन चालू असेल तर दोन्हीकडे दिवसभरात बऱ्याच गाड्या असतात, अडीच-तीन तासांचा प्रवास, त्याच दिवशी खिडकीवर अनरिझर्व्ह्ड काढून चालतं.

६. नाही मिळालं तर

पहिला उपाय, दिशा उलटी करा. सगळं जग कँडीहून एलाला जातं. एलाहून कँडीला येणाऱ्या गाडीला गर्दी त्या मानाने कमी असते. म्हणजे आधी गॉल, मग रस्त्याने एला, मग ट्रेनने कँडी आणि कोलंबो. डोंगर तोच आहे.

दुसरा, अनरिझर्व्ह्ड. सेकंड-थर्डची जनरल तिकिटं त्याच दिवशी खिडकीवर मिळतात, काहीशे लंकन रुपयांत, आणि ती संपत नाहीत, संपते ती जागा. काही टुरिस्ट गाड्या पूर्ण रिझर्व्ह्ड असतात, त्यात जनरल डबाच नसतो, ते विचारून घ्या. गाडीच्या तासभर आधी प्लॅटफॉर्मवर जा आणि स्टेशनमधल्या कोणालाही विचारा जनरल डबा कुठे लागतो. नानू ओयाला नुवारा एलियाचे लोक उतरतात, तेव्हा बऱ्याच सीटा रिकाम्या होतात, तोवर उभं राहायची तयारी ठेवा, साधारण निम्मा प्रवास.

मी पहिल्यांदा असंच केलं. आईला एका पोत्यावर बसवलं होतं, कोणाचं पोतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गंपोळा गेल्यावर एक शाळकरी मुलगी उठली आणि आईला म्हणाली, "अम्मा, वाडिवेन्न." बसा. आई बसली आणि पुढचे दोन तास ती मुलगी उभी. त्यानंतर आईने तिला आमच्याजवळच्या सगळ्या बाकरवड्या दिल्या, माझ्या वाट्याच्यासुद्धा.

तिसरा उपाय एजंट. मी पण एकदा दिलेत पैसे, तिकीट आलं, पण दुसऱ्याच कोणाच्या नावावर. आता ओळखपत्र बघतात, त्यामुळे दुसऱ्याच्या पासपोर्ट नंबरावरचं तिकीट म्हणजे कागद. एजंट घ्यायचाच तर आधी तुमचे नंबर देऊन नव्याने काढून देणारा घ्या, "माझ्याकडे दोन पडलीयेत" म्हणणारा नको.

७. बॅग, पैसे, पोट

उष्ण देश आहे म्हणून सगळे टी-शर्ट आणि चपला घेऊन येतात. ही लाइन १,८०० मीटरच्या वर चढते. पट्टीपोलाजवळ ढग खिडकीतून आत येतात, तेव्हा पातळ जॅकेट हवंच, आणि ते सॅकमध्ये वर, तळाशी नाही. छत्रीपेक्षा रेनकोट.

मोठी चाकाची सूटकेस नको. प्लॅटफॉर्म काही ठिकाणी इतका खाली की गाडीत चढायचं म्हणजे चढायचंच, आणि वरच्या फळीवर ती मावत नाही. माणशी एक सॅक. देवळांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, कँडीच्या दंतमंदिरात शॉर्ट्सवर आत सोडत नाहीत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, तिकडे हा खरंच अपमान मानतात.

चार्जरचं: आपल्या गोल पिनवाले सॉकेट जुन्या हॉटेलांत सापडतात, नव्या ठिकाणी चौकोनी तीन पिनवालं. एक ॲडॉप्टर पुरतो.

पैसे: एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीनच्या आसपास लंकन रुपये मिळतात, म्हणून आकडा बघून घाबरू नका, ५०० ची बस म्हणजे आपले दीडशे. यूपीआय २०२४ पासून तिकडे सुरू झालंय पण ते काही दुकानांत. स्टेशनची खिडकी, बस, रिक्षा, वडेवाला सगळं रोख. एअरपोर्टवर थोडे बदला आणि तिथेच सुटे मागून घ्या, ५,००० ची नोट दाखवली की तिकीट खिडकीवरच्या माणसाचा चेहरा आपल्या कंडक्टरसारखा होतो.

शाकाहारी लोकांनो, तुमच्यासाठी. भात आणि चार भाज्या सगळीकडे मिळतात, पण त्यात उंबलकड असू शकतं. वाळवलेला मासा किसून, आपल्याकडे सुकट टाकतात तसं, खोबऱ्याच्या सांबोलात, कधी डाळीतसुद्धा. "व्हेज" म्हटलं तर ते मान डोलावतात कारण त्यांच्या मते ती चव आहे, मासा नाही. "मस् माळु नॅतुव" म्हणा, म्हणजे मटण-मासे न घालता, आणि उंबलकड हा शब्द वेगळा उच्चारा. नाहीतर सरळ शैव, म्हणजे तमिळ शाकाहारी हॉटेल शोधा, तिथे डोसा-इडली असते. इंदिआप्पा मागवून बघा, आपल्या कोकणातल्या शिरवाळ्याच त्या, फक्त नारळाच्या गोड रसाऐवजी तिखट रस्सा.

८. प्रवासाचे दिवस

कोलंबो फोर्ट स्टेशन. नाव फोर्ट असलं तरी बाहेर गजबजलेला पेटा बाजार आहे. एअरपोर्ट कटुनायकेला, शहरापासून तीसेक किलोमीटर, बस आहे, टॅक्सी आहे, पण उतरलात त्याच दिवशी कँडीची ट्रेन पकडायचा उद्योग करू नका. रात्र कोलंबोत काढा. स्टेशनवर तिकिटाच्या खिडक्या लाइनप्रमाणे आणि क्लासप्रमाणे वेगळ्या असतात, चुकीच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहायचं नसेल तर आधी पुढे जाऊन पाटी वाचा. कँडीला जाताना उजवी बाजू मिळाली तर घ्या, रंबुक्कनानंतर घाट चढताना दरी त्या बाजूला.

थांबा: तिकीट फेकू नका. स्टेशनच्या बाहेर पडताना दारात माणूस उभा असतो, तो तिकीट बघतो, बऱ्याचदा परत घेतो. खिशातल्या खिशात चुरगळलं तर तिथे सगळे खिसे उलटे करावे लागतात.

कँडीहून एला. रिझर्व्ह्ड असेल तर अर्धा तास आधी पुरे. गाडी आली की लोक उतरायच्या आधीच चढणारे दारात, दादर आठवेल, पण रिझर्व्ह्डवाल्यांनी त्यात पडायचं कारण नाही. डबा नंबर आधी शोधा. नाश्ता करून निघा पण पोट भरून नको, गाडीत वडेवाले चढत राहतात. टोपलीत डाळीचे वडे, वर अख्खी कोळंबी बसवलेले इस्सो वडे, उकडलेले हरभरे. मला वडे दिले ते एका कागदाच्या पुडीत, उलगडून बघितलं तर कोणाच्यातरी गणिताच्या वहीचं पान, भागाकार चुकलेला आणि लाल पेनाने फुली.

दारात बसणं. मला माहितीये तुम्ही बसणार, सगळे बसतात. डोंबिवली फास्टची सवय आहे म्हणून इथे लटकू नका, कारण इथे बोगदे चाळीसच्या वर आहेत, कातळ आणि झाडाच्या फांद्या डब्याला घासतात, आणि फोटोसाठी बाहेर झुकून माणसं गेलीयेत. पायरीवर बसायचं तर पाय आत, एक हात दांडीला, फोन गळ्यात दोरीने. समोर बोगदा दिसला की आत.

डाव्या-उजव्या बाजूचं या टप्प्यात टेन्शन घेऊ नका, दरी बाजू बदलत राहते.

एला हे शेवटचं स्टेशन नाही. गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते आणि पुढे देमोदरा, बदुल्लाला जाते. बंडारवेला गेलं की सॅक पाठीवर. पाट्या तीन लिप्यांत असतात, इंग्रजी सगळ्यात खाली. चुकून पुढे गेलात तर एक फायदा, नऊ कमानींचा पूल एला आणि देमोदराच्या मध्येच आहे आणि देमोदराला रूळ गोल फिरून स्वतःच्याच स्टेशनखालून जातो. काही जण म्हणूनच मुद्दाम बदुल्लापर्यंतचं तिकीट काढतात आणि संध्याकाळी परत येतात. वाईट कल्पना नाही.

पुलावर जायच्या आधी हॉटेलात त्या दिवशीच्या गाड्यांच्या वेळा विचारा, म्हणजे दोन तास उन्हात बसून रिकामा पूल बघायची वेळ येणार नाही. आणि रुळावर उभं राहून फोटो काढताना कान उघडे ठेवा, वळणामुळे गाडी दिसते उशिरा.

९. खाली गॉलला आणि परत

एलाहून गाडी सकाळी आठला काढा. ड्रायव्हरशी भाव आदल्या दिवशी पूर्ण ठरवा, टोल आणि थांबे धरून, आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तिकडे रिक्षावाल्याला, ड्रायव्हरला "अय्या" म्हणतात, म्हणजे दादा, लहान असेल तर "मल्ली". मोठ्या बाईला अक्का, हे तर आपलंच. धन्यवादला "स्तुती" म्हणतात, आमच्या आईला हे फार आवडलं, ती सात दिवस सगळ्यांची स्तुती करत फिरली.

गॉल स्टेशन किल्ल्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. म्हणून मुक्काम किल्ल्यात किंवा जवळच घ्या, सकाळी रिक्षा शोधायला नको.

परतीची ट्रेन कोलंबोला अडीच-तीन तास घेते. समुद्र बघायचा तर गॉलहून येताना डावीकडे बसा. सगळे लेख "उजवीकडे बसा" म्हणतात ते कोलंबोहून जातानाचं असतं, आणि मग लोक परतीला उजवीकडे बसून तीन तास लोकांची परसदारं बघत येतात.

विमान रात्री दहाचं असेल तर गॉलहून सकाळचीच गाडी. दुपारी फोर्टला उतरा, सॅक क्लोक रूमला टाका, पेट्यात चहा-मसाले घ्या, आणि विमानाच्या पाच तास आधी एअरपोर्टकडे निघा, कारण संध्याकाळी कोलंबोचं ट्रॅफिक सुटता सुटत नाही. एलाहून थेट एअरपोर्ट त्याच दिवशी, हे कोणी कितीही आत्मविश्वासाने सांगितलं तरी करू नका. एक दरड, एक बंद पडलेलं इंजिन, आणि विमान गेलं.

तपासा, शेवटच्या सकाळी: पासपोर्ट, तिकिटाचा कागद, सुटे पैसे बाहेरच्या कप्प्यात. उरलेले लंकन रुपये एअरपोर्टवर आत जायच्या आधी बदलून घ्या, आणि टॅक्सीचे वेगळे ठेवा. मी सगळे बदलून बसले होते, मग ठाण्याला घरी आल्यावर जीन्सच्या खिशात २० रुपयांची एक नोट आणि ते भागाकाराचं पान निघालं.